टॅपेट गॅप घरी तपासायचाय? आदल्या रात्रीपासूनची तयारी

टॅपेट गॅप म्हणजे बाइकच्या इंजिनात व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातली बारीक फट. ती प्रत्यक्ष मोजायला वीस मिनिटं पुरतात. सिंगल सिलिंडरची साधी गाडी असेल तर त्याहून कमी. तरीही पहिल्यांदा टॅपेट उघडणाऱ्याची अख्खी दुपार जाते, कारण हेड कव्हर उघडून झाल्यावर कळतं की चौकोनी डोक्याच्या स्क्रूला लागणारी चावीच आपल्याकडे नाही, किंवा गॅप किती हवा हा आकडाच पाहिलेला नाही. म्हणून या यादीत मोजण्यापेक्षा मोजायला बसण्याआधीचंच जास्त आहे.

सगळ्यात आधी लागतो कागद. गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवा. गाडीसोबत मिळणाऱ्या छोट्या पुस्तिकेत हा तपशील पुष्कळदा नसतो. मॅन्युअलमधून इनटेकचा (हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचा) गॅप, एक्झॉस्टचा (धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा) गॅप, इंजिन कोणत्या दिशेनं फिरवायचं, टायमिंगची खूण कुठे आहे आणि कुठला बोल्ट किती टॉर्कनं (पिळाच्या जोरानं) आवळायचा एवढं एका कोऱ्या पानावर मोठ्या अक्षरात उतरवा. ऐन वेळी तेलकट बोटांनी मोबाइलवर पानं सरकवत बसण्यापेक्षा हे बरं. आकडा ०.०८ ते ०.१२ मिमी असा पट्टा म्हणून दिला असेल तर दोन्ही टोकं लिहा. एक्झॉस्टचा आकडा सहसा इनटेकपेक्षा मोठा असतो, कारण तो व्हॉल्व्ह जास्त तापतो आणि जास्त लांबतो. मित्राच्या गाडीचा आकडा चालत नाही, त्याच कंपनीची आणि तेवढ्याच सीसीची असली तरी नाही.

मॅन्युअल उघडलंच आहे तर आपल्या इंजिनात नक्की काय आहे तेही पाहा. रॉकरवर (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांडीवर) स्क्रू आणि चेकनट (तो स्क्रू जागी धरणारा नट) असेल तर तपासणं आणि सेट करणं एकाच बैठकीत होतं. कॅमखाली (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्याखाली) बकेट (व्हॉल्व्हवरची वाटी) आणि शिम (गॅप ठरवणारी चकती) असतील तर तपासणं घरी सोपं, पण शिम बदलायला बहुधा कॅमशाफ्ट, म्हणजे तो दांडाच, काढावा लागतो. ते काम वेगळं. हायड्रॉलिक टॅपेट (ऑइलच्या दाबानं गॅप आपोआप भरणारे) असतील तर मोजायचं काहीच नाही, यादी इथेच मिटा. आणि डेस्मो पद्धतीचं (व्हॉल्व्ह बंदही कॅमनंच करणारं) इंजिन असेल तर व्हॉल्व्ह उघडणारा आणि बंद करणारा असे दोन्ही गॅप मोजावे लागतात. पहिल्या प्रयत्नाला ते इंजिन निवडू नये, असं माझं मत.

गाडी आदल्या रात्री उभी करा आणि मोजून होईपर्यंत सुरू करू नका. मॅन्युअलमधला आकडा थंड इंजिनाचा असतो. अनेक मॅन्युअलमध्ये इंजिन ३५ अंश सेल्सियसच्या खाली असावं असं स्पष्ट लिहिलेलं असतं. मी एकदा सकाळी गाडी धुऊन पाणी सुकावं म्हणून पाच मिनिटं फिरवून आणली, मग दोन तास थांबलो. हेडला हात लावला तर गार वाटत होता. चारही व्हॉल्व्ह सेट केले, दुसऱ्या दिवशी सहज पुन्हा मोजले तर एकही आकडा आदल्या दिवशीचा नव्हता. धुवायचं ते आदल्या दिवशीच धुवा, आणि धुवाच. टाकीखाली, प्लगच्या खळग्यात आणि हेड कव्हरच्या कडेला साचलेली माती नेमकी प्लग काढल्यावर आत पडते.

टाकी काढावी लागणार असेल तर ती रिकामी होत आली असतानाच मुहूर्त धरा. दहा लिटर पेट्रोल म्हणजे साधारण साडेसात किलो, शिवाय एका हातानं नळी सोडवायची असते. जुन्या गाडीत पेट्रोलचा कॉक बंद करा. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत नळीत दाब राहतो, म्हणून मॅन्युअलमध्ये दिलेल्या पद्धतीनं तो आधी उतरवा. नळीखाली फडकं ठेवा, बॅटरीची ऋण बाजू सोडा आणि टाकी कामाच्या जागेपासून लांब ठेवा.

आता अवजारं. फिलर गेजवर (फट मोजायच्या पत्त्यांच्या संचावर) विचार करून खर्च करा, कारण सगळा भरवसा त्या पातळ पत्त्यांवर आहे. गॅरेजमध्ये फिरणारे बरेच गेज ०.०५ वरून एकदम ०.१० वर उडी मारतात. आपल्याला मधल्या पत्त्या लागतात, म्हणजे ०.०६, ०.०८, ०.१०, ०.१२ अशा. पत्तीवर मिमी आणि इंच दोन्ही छापलेलं असतं. ०.१० मिमी म्हणजे साधारण ०.००४ इंच, त्यामुळे घाईत भलताच आकडा वाचला जातो. टोक वाकवलेल्या पत्त्यांचा संच मिळाला तर उत्तम, कारण फ्रेम आणि हेड यांच्यामधल्या बोटभर जागेत सरळ पत्ती तिरकी शिरते आणि तिरक्या पत्तीला गॅप नेहमी लहान वाटतो. मुडपलेली किंवा गंजाचे ठिपके आलेली पत्ती फेकून द्या. वापरण्याआधी प्रत्येक पत्ती पुसून तेलाचं अगदी हलकं बोट फिरवा.

चेकनटला बहुधा ८, ९ किंवा १० नंबरचा रिंग पाना लागतो. त्याच्या मधल्या स्क्रूला कुठे चीर असते, कुठे ३ किंवा ४ मिमीचं चौकोनी डोकं. त्या चौकोनी डोक्यासाठी छोटी टॅपेट चावी मिळते, ती आधीच घेऊन ठेवा. पकडीनं धरून भागवायला गेलात तर डोकं गोल होतं आणि तो स्क्रू पुढच्या प्रत्येक वेळी त्रास देतो. टॅपेटच्या झाकणांना बऱ्याच इंजिनांवर १७ किंवा २४ नंबर लागतो. पाना सहा कोनांचा आणि घट्ट बसणारा घ्या, कारण झाकणं ॲल्युमिनियमची असतात आणि कोन पटकन झिजतात. प्लग पाना आटे पाहून, सहसा असा: १० मिमी आट्याच्या प्लगला १६, १२ मिमीला १८ आणि १४ मिमीला २१ नंबर. जपानी गाडीचे जुने चौफुली स्क्रू साध्या फिलिप्स पेचकसानं सोडायला जाऊ नका, त्यांची खाच जेआयएस (जपानी मानक) मापाची असते. मिळतंजुळतं वाटणारं टोक खाच खाऊन टाकतं.

टॉर्क रेंच लहान हवा, ५ ते २५ न्यूटन मीटरच्या आसपासचा. चाकाच्या नटसाठी घेतलेला मोठा रेंच इथे उपयोगाचा नाही. हेड कव्हरचे बोल्ट साधारण १० न्यूटन मीटरवर बसतात, आणि मोठ्या रेंचची टिक वाजण्याआधीच आटे हातात येतात.

रबरी सामान विसरलं जातं, म्हणून ते आदल्या आठवड्यातच आणा: टॅपेटच्या झाकणांच्या आणि टायमिंगच्या झाकणांच्या ओरिंग, आणि हेड कव्हर उघडणार असाल तर त्याचं गॅस्केट. कव्हरच्या कडेला अर्धचंद्राच्या खाचा असतील तर तिथे लावायला थोडं लिक्विड गॅस्केट. जुनं रबर मऊ असेल तर पुन्हा चालतं, पण ते कडक झालंय हे उघडल्यावरच कळतं. बाकी किरकोळ: धागे न सुटणारी फडकी, डोक्यावर बांधायचा दिवा, काढलेलं सामान क्रमानं ठेवायला ताट, लांब दांड्याचं चुंबक. चुंबक ॲल्युमिनियमला धरत नाही, एवढं लक्षात असू द्या. आणि हेड उघडल्या क्षणी टायमिंग चेनच्या विहिरीत (हेडमधून खाली जाणाऱ्या चेनच्या पोकळीत) फडकं कोंबा. माझा एक छोटा वॉशर त्या विहिरीत गेला होता. तो काढायला मॅग्नेटचं (इंजिनाच्या बाजूला फिरत वीज तयार करणाऱ्या चाकाचं) कव्हर उघडावं लागलं, ते उघडायला ऑइल काढावं लागलं, ऑइल काढल्यावर नवं ऑइल घरात नव्हतं.

गाडी सेंटर स्टँडवर किंवा पॅडॉक स्टँडवर सरळ उभी करा, न्यूट्रलमध्ये टाका. प्लगच्या खळग्यात हवा मारा, मग प्लग काढा. याला फाटा देऊ नका. इंजिन मॅग्नेटचा नट धरून फिरवायचं असतं. मॅग्नेट डाव्या बाजूला असलेल्या बहुतेक गाड्यांत इंजिन त्या बाजूनं पाहता घड्याळाच्या उलट फिरतं, म्हणजे मॅग्नेटचा नट सुटण्याच्याच दिशेला. प्लग असेल तर कॉम्प्रेशन अडवतं, तुम्ही जोर लावता आणि इंजिन फिरण्याऐवजी नट सैल होतो. प्लग काढला की बोटाच्या जोरावर फिरतं. नटला बहुधा १४ किंवा १७ नंबरचं सॉकेट लागतं. हा नट आणि खूण ज्यांच्या आत असतात ती टायमिंगची रुंद झाकणं बारीक पेचकसानं उचकटू नका, चिरेत पूर्ण बसेल असं जाड पातं घ्या. उघडताना थोडं ऑइल गळेल, खाली कागद ठेवा.

मॅग्नेटवर टी अशी खूण असते, ती केसवरच्या खाचेसमोर आणायची. जवळच एफ असते. ती प्लगच्या ठिणगीची खूण, तिच्यावर थांबू नका. टी समोर आली म्हणजे पिस्टन वर आला एवढंच सिद्ध होतं. चार स्ट्रोकच्या चक्रात क्रँक (पिस्टननं फिरणारा मुख्य दांडा) दोनदा फिरतो, त्यामुळे पिस्टन दोनदा वर येतो: एकदा कॉम्प्रेशनच्या शेवटी आणि एकदा एक्झॉस्टच्या शेवटी. आपल्याला पहिली वेळ हवी, जेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. ओळख सोपी. टॅपेटची झाकणं उघडून दोन्ही रॉकर बोटानं हलवून पाहा. दोघांत किंचित खुळखुळ असेल तर जागा बरोबर. इनटेक, एक्झॉस्ट दोन्ही ताठ असतील तर आणखी एक पूर्ण फेरा द्या. पिस्टन खरंच वर आलाय का हे पाहायला प्लगच्या भोकातून प्लॅस्टिकची नळी सोडा, पेचकस नाही. फिरताना तो तिरका अडकला तर पिस्टनला ओरखडा जातो. खूण चुकून पुढे गेली तर मागे फिरवू नका. काही इंजिनांत कॅमवर डीकॉम्प्रेसर (सुरू करताना कॉम्प्रेशन कमी करणारा भाग) असतो आणि उलट फिरवल्यावर तो एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलून धरतो, मग तिथला आकडा खोटा येतो. सरळ दिशेनं दोन फेरे देऊन परत या.

आता पान आणि पेन जवळ घ्या, आणि एकही नट न सोडता सगळे व्हॉल्व्ह नुसते मोजा. ज्या पत्तीला किंचित घर्षण जाणवतं ती मधली. तिच्याहून एक पायरी बारीक पत्ती मोकळी जायला हवी आणि एक पायरी जाड पत्ती शिरायलाच नको. हाताच्या अंदाजावर विसंबण्यापेक्षा ही जाते-जात नाही पद्धत खात्रीची. आकडे पट्ट्यात बसत असतील तर झाकणं लावा आणि उठा. हात शिवशिवतात म्हणून सेट केलेले टॅपेट मी बरेच बिघडलेले पाहिलेत, त्यांतले काही माझेच.

बदलायचेच असतील तर कुठल्या बाजूची चूक परवडते हे माहीत असू द्या. गॅप जास्त झाला तर टॅपेट टकटक करतात, कानाला खटकतात, आपण लगेच पाहतो. गॅप कमी झाला तर इंजिन उलट शांत वाटतं. पण व्हॉल्व्ह आपल्या सीटवर नीट टेकत नाही, आणि सीटला टेकूनच तर तो आपली उष्णता हेडला देत असतो. मग एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळते, कॉम्प्रेशन जातं, गाडी सुरू व्हायला कुरकुरते. व्हॉल्व्ह सीटमध्ये हळूहळू रुतत जातो, त्यामुळे पुष्कळ इंजिनांत गॅप काळानुसार कमी होतो, वाढत नाही. म्हणून आवाज नाही या कारणासाठी तपासणी पुढे ढकलू नका.

सेट करताना पत्ती आत ठेवा, स्क्रू चावीनं धरून ठेवा आणि चेकनट आवळा. नट आवळताना स्क्रू थोडा सोबत फिरतोच, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा. दोन-तीनदा करावं लागलं तर ते नेहमीचंच आहे. गॅप बरोबर येऊनही टकटक राहिली तर स्क्रूचं टोक पाहा. तिथे वाटीसारखा खळगा पडला असेल तर पत्ती खळग्यावरून सपाट जाते आणि खरा गॅप मोजलाच जात नाही.

शिमवाल्यांनी मायक्रोमीटर जवळ ठेवावा. हिशोब असा: जुन्या शिमची जाडी अधिक मोजलेला गॅप वजा हवा असलेला गॅप. शिम १.७५, मोजला ०.१०, हवा ०.१५, तर नवी शिम १.७०. शिमवर छापलेल्या आकड्यावर जाऊ नका, झिजलेली असू शकते; मोजा. कॅम काढण्याआधी चेन तारेनं बांधा आणि खुणांचे फोटो काढा.

झाकणं लावण्याआधी विहिरीतलं फडकं काढलं का ते पाहा, आणि इंजिन हातानं दोन पूर्ण फेरे फिरवून कुठे अडत नाही याची खात्री करा. प्लगचे पहिले आटे बोटांनीच बसवा. मग त्या पानावर तारीख, किलोमीटर आणि प्रत्येक व्हॉल्व्हचा आधीचा आणि नंतरचा आकडा लिहून ते पान फिलर गेजच्या डबीत घडी करून ठेवा.