मध्यरात्रीचे विक्षिप्त स्वगत रेडिओसाठी कसे रचावे

न्यूयॉर्कच्या डब्ल्यूओआर या रेडिओ केंद्रावरून निवेदक जीन शेफर्ड यांनी १९५६ मध्ये रात्री जागणाऱ्या श्रोत्यांना सुचवले, की पुस्तकांच्या दुकानांत जाऊन अस्तित्वातच नसलेले एक पुस्तक मागावे. मागणी इतकी वाढली, की एका प्रकाशकाने त्याच वर्षी त्या नावाचे पुस्तक लिहवून घेऊन खरोखर बाजारात आणले. विक्षिप्त स्वगताची किल्ली इथेच आहे: खोटी गोष्ट एकच ठेवावी आणि तिच्याभोवतीचे सारे व्यवहार, दुकानदाराच्या कपाळावरच्या आठीसह, खरे ठेवावेत.

म्हणून ती खोटी गोष्ट आधी एका वाक्यात लिहून पाहावी. उदाहरणार्थ, चंद्र रोज रात्री आमच्या सोसायटीची गच्ची वापरतो, सबब त्याच्याकडून देखभाल खर्च वसूल करावा, असा ठराव वार्षिक सभेत संमत झाला. यापुढे नवा चमत्कार आणू नये; सूचक कोण, अनुमोदक कोण, अमावास्येची सूट द्यावी की नाही यावर पाऊण तास झालेला वाद, ‘आमच्या खिडकीत त्याचा उजेडच येत नाही’ ही तळमजल्यावरच्या काकूंची हरकत, आणि पत्ता ठाऊक नसल्यामुळे सचिवांनी पाण्याच्या टाकीवर चिकटवलेली नोटीस, एवढे इतिवृत्ताच्या भाषेत सांगत जावे. नवख्यांचे स्वगत बहुधा इथेच फसते, कारण त्यांना लगेच उडती म्हैसही हवी असते आणि ती आली की श्रोत्याचा चंद्रावरचाही विश्वास उडतो.

शेफर्ड संहितेशिवाय बराच वेळ बोलत. नवख्याने ते धाडस करू नये. दहा मिनिटांना साधारण हजार शब्द पुरतात. ते लिहून, तोंडात बसेपर्यंत मोठ्याने वाचावेत आणि बोलताना, पाणी प्यायला उठलेला एकच माणूस अंधारात ऐकतो आहे असे धरावे. ‘श्रोतेहो’ म्हटले की तो माणूस निघून जातो. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित तिरका ठेवल्यास ‘प’ आणि ‘भ’ फुटत नाहीत. पंखा बंद करावा, मग तो एप्रिल का असेना. ज्या वाक्याला आपल्यालाच हसू फुटले, ते पुन्हा ध्वनिमुद्रित करावे.

कॅलिफोर्नियातील सांता मोनिकाच्या केसीआरडब्ल्यू केंद्रावर १९८६ पासून जो फ्रँक यांचे कार्यक्रम होत. त्यांच्या आवाजाखाली संगीताचा एखादा छोटा तुकडा पुन्हापुन्हा फिरत राही आणि ऐकणाऱ्याला हळूहळू गुंगी येई. आपल्याकडे हे काम तंबोरा उत्तम करतो. तो आवाजाहून बराच खाली ठेवावा आणि नोटिशीच्या वाक्यानंतर एकदम थांबवून तीन-चार सेकंद काहीही ऐकवू नये.

शेवटी खुलासा करू नये; ‘हे स्वप्न होते’ ही तर शुद्ध लबाडी. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या खात्यात नेमकी रक्कम जमा झाली आणि पावती कोणाच्या नावे फाडावी हा विषय पुढील सभेपर्यंत तहकूब ठेवण्यात आला, एवढे सांगून घड्याळातली वेळ सांगावी व माइक बंद करावा.