राउटर घेताना अँटेना मोजू नका, मागचे पोर्ट बघा

घरी ३०० एमबीपीएसचा फायबर प्लॅन आहे आणि वायरने जोडलेल्या कॉम्प्युटरवर स्पीड टेस्ट दरवेळी ९४-९५ वरच अडकून राहिली असेल, तर कस्टमर केअरला फोन लावायच्या आधी राउटर उलटा करून बघा. हा आकडा दिसला की मधात कुठंतरी १०० एमबीपीएसचा पोर्ट (वायर खोचायची खाच) नाहीतर खराब वायर आहे असं समजा.

नागपूरला आमच्या मनीषनगरच्या घरी हेच होऊन राहिलं होतं. बर्डीच्या मार्केटातून चार अँटेनांचा राउटर आणला, डब्यावर मोठ्ठं एसी १२०० लिहिलेलं, वाटलं आता काय टेन्शन नाही. पण ते १२०० म्हणजे २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७ अशी वायफायची कागदावरची, वर गोल केलेली बेरीज असते, वायरशी तिचा काहीच संबंध नाही, आणि आमच्या राउटरचे मागचे सगळे पोर्ट १०/१०० चे, म्हणजे जास्तीत जास्त १०० एमबीपीएसचे निघाले.

म्हणून दुकानात पहिले डब्याची मागची बाजू वाचा. तिथं १०/१००/१००० किंवा गिगाबिट (म्हणजे १००० एमबीपीएस) लिहिलेलं पाहिजे आणि ते वॅन (बाहेरून इंटरनेट येते तो पोर्ट) आणि लॅन (घरातल्या वायरी लागतात ते पोर्ट) दोन्हीसाठी पाहिजे. दुकानदार "सब गिगाबिट है भैया" म्हणाला तरी मॉडेल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून तिथंच चेक करा. पोर्ट कमी पडतील म्हणून महागाचं मॉडेल घेऊ नका, पाच पोर्टचा साधा गिगाबिट स्विच (पोर्ट वाढवून देणारा छोटा डबा) लावला की काम होते. २.५ गिगाबिटचा पोर्ट मस्त असतो, पण प्लॅन १ गिगाबिटच्या वर नसेल आणि घरात तेवढ्या स्पीडचं स्टोरेजही नसेल तर तो पैसा वाचवा.

आता खरा मुद्दा. पोर्ट गिगाबिट असूनही प्लॅन ५०० च्या वर गेला की स्वस्तातले राउटर दमतात, कारण घरातल्या प्रत्येक डिव्हाइसचं पॅकेट बाहेर पाठवताना त्याचा पत्ता बदलावा लागते, त्याला नॅट म्हणतात, आणि हे काम एकट्या प्रोसेसरवर पडलं की स्पीड खाली येते. म्हणून हार्डवेअर नॅट, म्हणजे हे काम वेगळ्या सर्किटवर करणारं मॉडेल बघा, आणि क्यूओएस (कोणाला आधी स्पीड द्यायची ते ठरवणारी सेटिंग) किंवा पॅरेंटल कंट्रोल चालू केल्यावर बऱ्याच मॉडेलमध्ये ही सोय बंद पडते हे ध्यानात ठेवा. सगळं नीट असेल तर गिगाबिट लाइनवर ९४० च्या आसपास आकडा दिसतो.

वायरीकडे तर कोणी बघतच नाही. आमच्याकडे फिटिंगवाल्यानं वायरीतल्या आठपैकी चारच तारा टोकाच्या क्लिपात बसवल्या होत्या, तेवढ्यावर १०० चालते पण गिगाबिटला आठही लागतात, त्यामुळं राउटर बदलूनही आकडा हललाच नाही, आणि नवीन क्लिप मारल्याबरोबर २९० च्या वर गेला. पूर्ण तांब्याची कॅट ५ई वायर घ्या, १०० मीटरपर्यंत गिगाबिट आरामात जाते. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची स्वस्त असते, ती नको. गच्चीवरून न्यायची असेल तर आउटडोअरवाली काळी वायरच घ्या, आपल्या ४५ डिग्रीच्या उन्हात साध्या वायरीचं कव्हर तडकते. राउटरही टीव्हीच्या बंद कपाटात कोंबू नका.

घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी लॅपटॉप वायरने जोडून नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा. १००० दिसलं तर ठीक, १०० दिसलं तर आधी वायर बदलून बघा आणि तरीही तेच आलं तर बिल घेऊन परत करायला जा.