कोकणातली जुनी चाळ आणि ती बांधणारा मिस्त्री: नोंद कशी करायची

खाली दुकानं, वर भाडेकरू अशा कौलारू माडीच्या चाळी रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्यात अजून उभ्या आहेत, पण पाडायची बोलणी सुरू झाली की मगच सगळे फोटो काढायला धावतात. त्याआधीच करा, शक्यतो मे महिन्यात, कारण शाकारणीला (पावसाआधी छप्पर नीट करताना) कौलं उतरवतात तेव्हा आढं, वासे, रिपा असा छपराचा सगळा लाकडी सांगाडा उघडा बघायला मिळतो.

आधी मालक आणि भाडेकरू दोघांनाही विचारा. टेप दिसला की भाडेकरूंना वाटतं खोली गेली, म्हणून कशासाठी मोजताय ते नीट सांगा. मग प्रत्येक मजल्याचा कच्चा नकाशा हाताने काढा, जिना, गॅलरी, सामायिक मोरीसकट. चिऱ्याच्या (जांभा दगडाच्या) भिंतीची जाडी दारात मोजता येते.

उतरवलेली कौलं उलटी करून छाप बघा, फोटो तिरप्या उन्हात काढा म्हणजे अक्षरं उठून दिसतात. आता इथे बरेच जण फसतात: बासेल मिशनच्या (कौलांचे कारखाने चालवणारी स्वित्झर्लंडची मिशनरी संस्था) मंगलोरी कौलावर 1865 दिसलं की चाळ 1865 ची असं ठोकून देतात, पण ते कारखाना सुरू झाल्याचं साल आहे हो! पहिल्या महायुद्धात हे कारखाने सरकारने ताब्यात घेतले आणि पुढे कॉमनवेल्थ ट्रस्ट नावाच्या कंपनीकडे गेले, म्हणजे कॉमनवेल्थचा छाप असेल तर कौल त्यानंतरचं. तरी कौल म्हणजे चाळ नव्हे, जुन्या घराची कौलं नव्यावर चढवायची पद्धत होतीच.

सिटी सर्व्हे ऑफिसातून मिळकत पत्रिका काढा, नगरपरिषदेत घरपट्टीचं जुनं रजिस्टर मागा. त्यात मालक सापडेल, मिस्त्री नाही. मिस्त्री सापडला तर मालकाच्या घरच्या खर्चाच्या वहीत, चिरे, चुना, मजुरी लिहिलेल्या पानांवर (मोडी लिपीत असेल तर जाणकाराकडून वाचून घ्या), नाहीतर गावातल्या सुतार-गवंड्यांच्या घरी. तिथे "चाळ कधी बांधली?" विचारून काही हाती लागत नाही. "आजोबांनी अजून कुठली घरं बांधली?" असं विचारा, मग पटापट नावं निघतात. जमलं तर त्यांच्यातल्या कुणाला चाळीतच घेऊन या, खांबाला हात लावून माणूस जास्त बोलतो. परवानगी घेऊन रेकॉर्ड करा आणि ते जो शब्द वापरतील तोच लिहा. मग त्या घरांतल्या कठड्याची नक्षी, लाकडाच्या सांध्यांवरच्या पटाशीच्या (सुताराच्या छिन्नीच्या) खुणा चाळीशी ताडून बघा. जुळल्या तरी दुसरा पुरावा मिळेपर्यंत "बहुतेक यांनीच" एवढंच लिहा.

फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारीक अक्षरं पुसट होतात. एक प्रत मालकाला, एक मिस्त्रीच्या घरी, एक गावच्या वाचनालयात द्या.