माळरान वाचवताना या चुका टाळा: सोलापूर जिल्ह्यातल्या गावांसाठी

सोलापूरच्या माळाला आपण सवयीने ‘पडीक’ म्हणतो आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. पडीक म्हटले की झाडे लावावीशी वाटतात, जेसीबी लावून खड्डे घ्यावेसे वाटतात. वर्षाला साधारण साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस आणि मुरमावर वीतभर माती, अशा जमिनीत गवत हेच पूर्ण वाढलेले रान असते. काळवीट, लांडगा, खोकड, तरस, धाविक, माळटिटवी, चंडोल आणि सोलापूरजवळच्या नान्नजची ओळख असलेला माळढोक पक्षी, हे सगळे उघड्या गवतावर जगणारे जीव आहेत. गावात उत्साह भरपूर असतो, पण त्याची दिशा चुकते. पुढच्या चुका त्यातल्याच आहेत.

माळावर वृक्षारोपण

सर्वांत जास्त नुकसान याच चुकीने होते, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहायला हवे. माळढोक, तणमोर, धाविक, चंडोल हे पक्षी जमिनीवर अंडी घालतात. चहूबाजूंनी लांबवर दिसत राहणे हेच त्यांचे संरक्षण. माळावर ग्लिरिसिडिया, सुबाभूळ किंवा अगदी कडुनिंबाच्या रांगा उभ्या राहिल्या की कावळ्यांना आणि शिकारी पक्ष्यांना टेहळणीच्या जागा मिळतात, सावलीत गवत विरळ होते आणि हे पक्षी ती जागा सोडून जातात. खड्डे घेताना वरची माती उलटते ती वेगळीच. तिथे मग गवताऐवजी गाजरगवत येते.

झाडे लावायचीच असतील तर ओढ्याकाठी, गावठाणात, शाळेत, शेताच्या बांधावर लावा. बाभूळ, बोर, हिवर, कडुनिंब तिथे शोभतात. माळावर लावायचे ते गवत: पवन्या, डोंगरी, मारवेल.

बियाणे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, ओंबी वाळून हाताला सुटायला लागली की गोळा करा. ते लगेच पेरू नका. ताजे बी सुप्तावस्थेत असते, पुढच्या जूनपर्यंत कोरड्या पोत्यात ठेवा. हेक्टरी ५ ते ६ किलो पुरते. बी हलके असते, वाऱ्याने उडते, मुंग्याही नेतात. म्हणून एक भाग बी, एक भाग शेण, तीन भाग चाळलेली माती आणि एक भाग वाळू कालवून वाटाण्याएवढ्या गोळ्या करा आणि सावलीत वाळवा. उताराला आडव्या अशा उथळ रेघा मारून त्यात पहिल्या चांगल्या पावसाच्या तोंडावर टाका. एक सेंटिमीटरपेक्षा खोल गाडू नका.

गवत उगवले नाही तर आधी बी तपासा. ओंबीतले दाणे बोटांत चोळून पाहा. बऱ्याचदा वरचे साल असते, आत दाणाच नसतो. बी भरलेले असूनही उगवले नसेल तर ते खोल पडले असेल. उगवून नाहीसे झाले असेल तर पहिल्याच पावसाळ्यात मेंढरे शिरली, असे समजा. यावर कुंपणापेक्षा करार टिकतो. माळाचे तीन-चार तुकडे पाडा, एका वेळी एकच तुकडा दोन पावसाळे बंद ठेवा आणि बाकीचे चराईला खुले ठेवा. बंद तुकड्यातले गवत बी गळून गेल्यावर, नोव्हेंबर संपता संपता, कापून न्यायची मुभा त्याच मेंढपाळांना आणि गवत कापणाऱ्या बायकांना द्या. सगळा माळ एकदम बंद केला तर रात्री चराई होते आणि गावात वैर वाढते.

वेडी बाभूळ काढतानाही एक चूक नेहमी होते: बुंधा वरून तोडतात. त्याला चौपट फुटवे येतात. मुळाचा गड्डा वीतभर खोल खणून काढावा लागतो. तिच्या शेंगा शेळ्या खातात आणि लेंड्यांतून बी माळभर पसरते, म्हणून शेंगा लागण्याआधी काम उरका.

पाणवठा बांधला, पण उपयोग होत नाही

प्लॅस्टिकचे टब आणि अर्धे कापलेले पिंप वापरू नका. पाणी तापते, आणि कडा सरळ असल्याने खारी, सरडे, पिल्ले आत पडून मरतात. बशीसारखा सिमेंटचा पाणवठा करा: व्यास ३ मीटर, मध्यभागी खोली ३० सेंटिमीटर, कडेपासून हळूहळू उतार, पृष्ठभाग खरबरीत, आणि दोन-तीन ठिकाणी पाण्यातून वर येणारे दगड. बांधल्यावर सात दिवस ओला ठेवा. नंतर भरलेले पाणी दोन-तीनदा ओतून द्या, नवे सिमेंट पाण्यात चुना सोडते.

एवढ्या आकारात साधारण ७०० लिटर पाणी मावते. मे महिन्यात दिवसाला एक सेंटिमीटर बाष्पीभवन धरले तरी काठोकाठ भरलेल्या पाणवठ्यातून रोज ७० लिटर नुसते उडून जाते. वर जनावरे पितात ते वेगळे. म्हणजे चार-पाच दिवसांनी पाणी घालावेच लागते. हा हिशेब आधी न केल्याने मार्चमध्ये थाटात उद्घाटन झालेले पाणवठे ऐन मेमध्ये कोरडे पडतात. जनावरे तोवर त्या जागेच्या भरवशावर राहिलेली असतात, त्यामुळे अर्धवट सोडलेला पाणवठा मुळीच नसण्यापेक्षा वाईट. जूनच्या पावसापर्यंत टँकर कोण आणणार, पैसे कोण देणार, कोणत्या वारी कोण जाणार हे आधी लिहून काढा. मगच खणायला घ्या.

पाणी फार लवकर संपत असेल तर संध्याकाळी सहाला काठावर खूण करा आणि पहाटे उजाडताच पाहा. रात्री बाष्पीभवन अगदी थोडे होते. पाण्याची पातळी दोन-तीन सेंटिमीटर उतरली असेल आणि भोवती खुरांचे, पंजांचे ठसे नसतील, तर तडा गेला आहे. शेवाळ आले तर पाणी उपसून काथ्याने किंवा ब्रशने घासा. साबण, ब्लीचिंग पावडर नको.

पाणी आहे, पण जनावर येत नाही, अशी तक्रार असेल तर जागा चुकली. रस्त्यापासून दोनशे मीटर तरी लांब आणि भोवती तीस मीटर मोकळे हवे. झुडपाला लागून पाणी ठेवले तर काळवीट बिचकते. भरायला दुपारी जा, सकाळ-संध्याकाळ जनावरांसाठी मोकळी सोडा. मीठ किंवा खाद्य ठेवू नका. त्याने गावची कुत्री जमतात.

कुत्र्यांकडे दुर्लक्ष

पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या आणि मटणाच्या दुकानांतला कचरा गावाच्या कडेला टाकला की कुत्र्यांच्या टोळ्या वाढतात. त्या काळविटांची पाडसे मारतात, जमिनीवरची अंडी खातात आणि रेबीज, डिस्टेंपर हे रोग लांडग्या-खोकडांना देतात. तीन-चार फूट खोल खड्डा, वर चुना आणि माती, एवढे केले तरी फरक पडतो. मेंढपाळांच्या कुत्र्यांचे लसीकरण दरवर्षी पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत करून घ्या.

विहिरीत पडलेले जनावर

गर्दी आणि आरडाओरडा हीच मोठी चूक. काळवीट घाबरून, धडपडून, बाहेर काढल्यावरही दगावते. गळ्यात दोर टाकू नका. वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा, लोकांना मागे हटवा आणि तोवर जनावराला टेकायला काहीतरी द्या: चारही कोपऱ्यांना दोर बांधलेली बाज, फळी किंवा टायरची फुगवलेली ट्यूब. वर आल्यावर काळविटाचे डोळे कापडाने झाका. लांडगा, कोल्हा असेल तर हात लावू नका. चावा किंवा ओरखडा बसलाच तर जखम साबणाने पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस घ्या.

बिनकठड्याच्या विहिरींची यादी ग्रामपंचायतीने करावी. मीटरभर उंच कठडा बांधून होईपर्यंत काटेरी फांद्यांचे दाट कुंपण घाला.

लांडग्याने मेंढी मारली

रागाच्या भरात उरलेल्या मढ्यात विष घालतात. ते खाऊन लांडगाच मरेल असे नाही. खोकड, घारी, राखणीची कुत्रीही मरतात. लांडगा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे गुन्हाही गंभीर ठरतो. आणि ज्याची मेंढी गेली त्याच्या पदरात काहीच पडत नाही.

भरपाई मिळते, पण ती कशी बुडते तेही पाहा. मढे हलवले, पुरले किंवा कळवायला उशीर केला की पंचनामा होत नाही. घटना ४८ तासांच्या आत वन कर्मचाऱ्याला कळवा, मढे जागच्या जागी झाकून ठेवा, ठशांचे आणि जखमेचे फोटो काढा. पंचनाम्याला पशुवैद्यकीय अधिकारी लागतो. आधार, बँक खाते यांच्या प्रती तयार ठेवा. भटकंतीवरच्या मेंढपाळाकडे कागद नसतात, म्हणून त्याला मदत करणे हे गावच्या तरुणांचे काम. वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीचे जाळे, उंच आणि ताणून बांधणे, करडे-कोकरे मध्यभागी ठेवणे हा जुना उपाय आजही चालतो.

‘अनाथ’ पिल्लू उचलणे

काळविटाची मादी पाडस गवतात लपवून चरायला जाते. ते एकटे दिसले म्हणजे अनाथ नव्हे. हात न लावता शंभर मीटर मागे या. करमाळा, माढ्याकडे ऊसतोडीत रानमांजराची पिल्ले सापडतात आणि बिबट्या म्हणून बोभाटा होतो. बिबट्याच्या बछड्याच्या अंगावर ठिपके असतात, रानमांजराच्या पिल्लाच्या पायांवर पुसट पट्टे. दोन्ही वेळी तोड थांबवा, १९२६ ला कळवा आणि पिल्लू त्याच फडात राहू द्या. आई बहुधा रात्री येऊन नेते.

घरट्याचे ठिकाण आणि फोटो

माळढोक, तणमोर, लांडग्याची गुहा यांचे लोकेशन ग्रुपवर टाकू नका. फोटोसाठी गाडी माळात घालू नका. उजनीवर रोहित पक्ष्यांचे थवे उडवण्यासाठी होडी जवळ नेऊ नका, ड्रोन तर नकोच. संक्रांतीनंतर हिप्परगा, कंबर तलावाच्या काठच्या झाडांवरचा मांजा गोळा करून जाळा. पक्षी अडकला असेल तर मांजा ओढू नका, दोन्ही बाजूंनी कापा. मग त्याला भोके पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा. चोचीत पाणी ओतू नका.

समिती कागदावर राहणे

१९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर झाले तेव्हा त्याचे क्षेत्र सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर होते. त्यात गावे आणि खासगी शेते आली. लोकांची जमिनीची कामे अडली आणि पक्ष्याबद्दल रोष वाढला. पुढे क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर करावे लागले. ज्यांच्या शेताशेजारी पक्षी राहतो त्यांना न विचारता आखलेली रेघ टिकत नाही.

जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. ही वही कार्यालयात बसून, दुसऱ्या गावची नक्कल करून भरली जाते. तिच्यात मग पवन्या नसतो, मोर मात्र असतो. आठवडी बाजाराच्या दिवशी बैठक ठेवू नका. मेंढपाळांकडे संध्याकाळी मेंढरांच्या वाड्यावर जा, गवत कापणाऱ्या बायकांशी वेगळे बसा. कोणते गवत कुठे कमी झाले, कोणत्या ओढ्याला मार्चपर्यंत पाणी असते, लांडग्याची पिल्ले कोणत्या महिन्यात दिसतात, वणवा दरवर्षी कोणत्या बांधावरून माळात शिरतो हे विचारा आणि त्यांनी सांगितलेल्या नावांनीच लिहा. वणव्याचे उत्तर मिळाले की त्या बांधाला लागून दहा फूट रुंद पट्टा डिसेंबर-जानेवारीत गवत काढून मोकळा करा. जमीन वन विभागाची असेल तर आधी वनरक्षकाला सोबत घ्या.