पडून डोकं आपटलं: वयस्क माणसासाठी पहिल्या मिनिटापासून सहाव्या आठवड्यापर्यंत

घरातलं वयस्क माणूस पडलं की काखेत हात घालून त्याला उभं करायला सगळे धावतात. तेवढं आवरा. पासष्टीच्या पुढे नुसतं उभ्याउभ्या पडूनही मानेचा वरचा मणका मोडू शकतो, आणि दुखणं कधी कधी अगदी किरकोळ असतं. म्हणून आधी, पडल्या जागीच विचारा: मान दुखते का, हातापायांना मुंग्या येतात का, दोन्ही हात-पाय हलतात का? एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला तर खुब्याजवळचं हाड मोडलेलं असण्याची शक्यता मोठी. यातलं काहीही असेल तर हलवू नका, पांघरूण घाला आणि रुग्णवाहिका बोलवा. उलटी झालीच तर डोकं, मान, धड एका रेषेत ठेवून कुशीवर वळवा.

सगळं ठीक वाटलं तर त्यांना स्वतःच्या गतीने उठू द्या. आधी कुशीवर, मग हात-गुडघ्यांवर, मग समोर भक्कम खुर्ची धरून एक पाय पुढे, आणि दुसरी खुर्ची मागून लगेच बसायला.

डोक्याच्या कातडीला रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे छोटी खोकही घाबरवण्याइतकी वाहते. स्वच्छ कापडाने सलग १० मिनिटं दाबून धरा. मधेच उचलून पाहिलं की साकळलेलं रक्त सुटतं. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. मात्र खोकेखाली हाड खचल्यासारखं लागत असेल तर जोराने दाबू नका. नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं काही येत असेल तर तिथे कापूस कोंबू नका, सरळ रुग्णालय गाठा.

घात करतो तो आतला रक्तस्राव. वयाबरोबर मेंदू आकसतो, कवटी मात्र तेवढीच राहते. मेंदूपासून त्याच्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा त्यामुळे ताणलेल्या असतात आणि साध्या हिसक्यानेही फाटतात. शिवाय आत मोकळी जागा असल्याने रक्त झिरपत राहिलं तरी दाब लगेच वाढत नाही. माणूस बोलतो, जेवतो, ‘मला काही झालं नाही’ म्हणतो. टेंगूळ किती मोठं आहे यावरून आतलं काहीच कळत नाही.

थोडा वेळही शुद्ध हरपली, पडल्याचं आठवत नाही, उलटी झाली, डोकेदुखी वाढते आहे, बोलणं असंबद्ध किंवा जड झालं, एका बाजूची ताकद कमी झाली, फिट आली, गुंगी वाढते आहे: यातलं एकही असेल तर तातडीने रुग्णालयात न्या, तिथे बहुधा सीटी स्कॅन करतील. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल (वॉरफरिन, अ‍ॅपिक्साबॅन, रिवारोक्साबॅन, डॅबिगाट्रान, क्लोपिडोग्रेल) तर लक्षणं नसली तरी त्याच दिवशी दाखवा. सोबत गोळ्यांची पाकिटं, शेवटची गोळी घेतल्याची वेळ आणि पडल्याची वेळ न्या. वॉरफरिन असेल तर शेवटचा आयएनआरचा (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी रक्ततपासणी) रिपोर्टही. पुढची गोळी द्यायची का, हे डॉक्टरांना विचारा. आपल्या मनाने दिवसेंदिवस बंद ठेवली तर हृदयात झडप किंवा स्टेंट बसवलेल्यांना गुठळीचा धोका असतो.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालेल. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन नको, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. नेहमीची नसलेली झोपेची गोळी आणि दारूही नको. रात्री गुंगी आली तर ती औषधाची की रक्ताची, हे कोणालाच सांगता येणार नाही.

घरी पाठवलं तरी पहिले २४ तास कोणीतरी जवळ हवं. रात्री किती वेळा जागं करायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. जागं केल्यावर नुसतं ‘हं’ ऐकून परतू नका: नाव, जागा विचारा, दोन्ही हातांनी तुमची बोटं दाबायला सांगा. तुलना त्यांच्या रोजच्या अवस्थेशी करा. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला वार सांगता येत नसेल तर ते नवं नाही. कालपर्यंत ओळखायची ती मुलगी आज ओळखू येत नाही, हे नवं आहे.

पडल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण दोन ते सहा आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा, साकळलेलं रक्त डोकं वर काढतं. तोवर पडणं सगळे विसरलेले असतात. एका पायातली चप्पल निसटते, चालताना तोल एकाच बाजूला जातो, पेला सांडतो, दिवसा झोप वाढते, शब्द सापडत नाहीत. याला ‘वय झालं’ म्हणून सोडून देणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. पहिलं स्कॅन स्वच्छ होतं म्हणूनही थांबू नका, तारीख सांगून पुन्हा दाखवा. असं जुनं रक्त बऱ्याचदा कवटीला छोटं भोक पाडून काढता येतं, आणि अनेकांचं चालणं-बोलणं परत येतं.

पडण्याचं कारणही शोधा. पाच मिनिटं आडवं झोपवून रक्तदाब मोजा, मग उभं करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर औषधांचा डोस तपासून घ्यायला हवा. मधुमेहाची औषधं चालू असतील तर पडल्या पडल्या साखर बघा. ७० च्या खाली असेल आणि माणूस नीट गिळू शकत असेल तरच तोंडाने साखर द्या. ‘कसा पडलो तेच कळलं नाही’ असं कोणी म्हणालं तर ईसीजी काढायला सांगा: अशा वेळी बऱ्याचदा पाय घसरलेला नसतो, आधी भोवळ आलेली असते.