आयकर खात्याच्या नावाने धमकीचा फोन आला, तर काय करावे

"तुमच्या पॅनवर करचोरी निघाली आहे. अर्ध्या तासात रक्कम भरा, नाहीतर अटक होईल." असा फोन आला की भलेभले गडबडतात. समोरच्याला आपले नाव, पॅन, कधीकधी जन्मतारीखही ठाऊक असते, त्यामुळे तो खात्याचाच माणूस वाटतो. पण पॅनकार्डाच्या झेरॉक्स आपण कुठे कुठे देऊन ठेवल्या आहेत ते आठवा. स्क्रीनवर झळकणारे 'इन्कम टॅक्स' हे नावही कुणालाही लावून घेता येते.

१. फोन ठेवून द्या. त्याचे बोलणे पुरे होईपर्यंत थांबू नका, खुलासे देत बसू नका. या भामट्यांचे सगळे बळ तुम्हाला फोनवर अडकवून ठेवण्यात असते. म्हणून तर 'घरच्यांना सांगू नका', 'व्हिडिओ कॉल बंद करू नका' असे दरडावले जाते. घरातल्या ज्येष्ठांना हे आजच सांगा. सरकारी माणसाचा फोन मध्येच कसा तोडायचा, या भिडेपोटी ते ऐकत राहतात. आणि व्हिडिओ कॉलवरच डांबून ठेवणारी 'डिजिटल अरेस्ट' नावाची कोणतीही अटक भारतीय कायद्यात नाही.

२. त्याने काय मागितले ते पाहा. ओटीपी, यूपीआय पिन, पासवर्ड, कुणाच्या खासगी खात्यात पैसे, मोबाइलची स्क्रीन दाखवणारे ॲप, यातले काहीही मागितले तर फसवणूक नक्की. रिफंडचे आमिषही तसेच. खरा रिफंड आयकर खात्याच्या पोर्टलवर पडताळलेल्या बँक खात्यात थेट जमा होतो, त्यासाठी फोनवर ओटीपी सांगावा लागत नाही.

३. खातरजमा स्वतः करा. खात्याकडून एखादा खरा फोनही येऊ शकतो, म्हणून ही पायरी गाळू नका. आलेल्या लिंकवर न जाता 'इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन' हा पत्ता स्वतः टाइप करून लॉगिन करा. खरी नोटीस किंवा मागणी तिथे दिसते, भरायला मुदत असते आणि मागणी मान्य नसल्यास तसे कळवताही येते. व्हॉट्सॲपवर शिक्क्याची 'नोटीस' आली असेल, तर तिच्यावरचा दस्तऐवज ओळख क्रमांक, म्हणजे डिन, शोधा. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रव्यवहारावर तो असतो, अपवाद मोजके. याच संकेतस्थळावर लॉगिन न करताही तो पडताळता येतो.

४. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेलाही कळवा. रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात झपाट्याने फिरवली जाते. तक्रार लवकर पोहोचली तर रक्कम वाटेतच गोठवता येते. व्यवहार क्रमांक, समोरचा नंबर, स्क्रीनशॉट जपून ठेवा. ॲप टाकले असेल तर इंटरनेट बंद करून ते काढा आणि पासवर्ड दुसऱ्या मोबाइलवरून बदला.

पैसे गेले नसले, तरी तो नंबर दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' पोर्टलवरील 'चक्षु' सुविधेवर नोंदवा.