घडीचा चाकू नवा घेतलाय? पोलादाला नावं ठेवण्याआधी या चुका टाळा

ऑगस्ट-सप्टेंबरात तासगाव भागात डॉगरीज जातीच्या खुंटावर द्राक्षाची पाचर कलमं सुरू झाली की कुणीतरी नवा घडीचा चाकू घेऊन माझ्याकडं येतंच. "दादा, पोलाद कसलंय बघा की." मी पातं उघडतो, मिटतो आणि परत देतो. नुसतं बघून पोलाद कळत असतं तर काय हवं होतं!

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कंपनीतून आलेल्या धारेवरून पोलादाची परीक्षा घेणं. ही मी स्वतः केली आहे, त्यामुळं जरा सविस्तर सांगतो.

तीन वर्षांमागं डी२ पोलादाचा एक चाकू मागवला. पहिल्या दिवशी हातावरचे केस सपासप उडत होते. दुसऱ्या दिवशी दुपारीच काडी चिरडायला लागली. कलमकाडीची पाचर एका ओढीत, काचेसारखी सपाट कापली जायला हवी. खरबरीत झाली की खुंटाच्या चिरेत फट राहते आणि कलम वाया जातं. मी चाकूला शिवी हासडली, "भंगार पोलाद" असा शेरा मारला आणि संध्याकाळी तो कलमं बांधायला येणाऱ्या मामांना देऊन टाकला. मामांनी तो पाण्याच्या दगडावर घासला. चार दिवसांनी पुन्हा घासला, मग पुन्हा एकदा. हंगाम संपता संपता बघतो तर माझा दुसरा, दुप्पट किमतीचा चाकू दिवसातून दोनदा दगड मागतोय आणि मामांचा संध्याकाळपर्यंत तसाच चालतोय.

"मामा, द्या की तो परत."

"आता कशाला? भंगार हाय न्हवं?"

झालं होतं ते असं. कारखान्यात धार काढतात ती वेगानं फिरणाऱ्या पट्ट्यावर. धारेची कड केसाइतकी बारीक असते, ती क्षणात तापते आणि तेवढ्याच कडेचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं. मागचं पोलाद ठणठणीत असतं. दोन-तीन वेळा हातानं धार लावली की ती जळकी कड निघून जाते आणि खरं पोलाद पुढं येतं. म्हणून तिसऱ्यांदा दगडावर घासेपर्यंत मी कुठल्याही चाकूबद्दल चांगलं-वाईट बोलत नाही. पार्सल फोडल्या फोडल्या कागद कापून व्हिडिओ टाकणाऱ्यांना माझा नमस्कार. कागद तर काय, कुठलीही ताजी धार कापते.

दुसरी चूक याचीच थोरली बहीण: धार गेली की चाकू वेल्डिंगच्या दुकानात नेऊन ग्राइंडरला लावणं. "दोन मिनिटांत होतंय की!" होतंय, आणि पातंही दोन मिनिटांतच संपतंय. अशा पात्यांना पाणी दिल्यावर बहुतेक वेळा दीडशे-दोनशे अंशांवरच शेकलेलं असतं. साधं कार्बन पोलाद निळं पडतं ते तीनशेच्या आसपास. म्हणजे धारेवर निळी झाक दिसली तर तिथलं पोलाद मऊ झालं म्हणून समजा. ते परत येत नाही, तेवढा भाग घासूनच काढावा लागतो. आमच्या भाच्यानं चांगलं पातं असं निळं करून आणलं आणि मलाच विचारतो, "मामा, रंग भारी आलाय ना?"

बाकीच्या चुका थोडक्यात.

डी२ला स्टेनलेस समजू नका. क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास असतं खरं, पण कार्बनही दीड टक्का असतो. त्यातलं बरंच क्रोमियम कार्बनशी बांधलं जातं, गंज अडवायला पुरेसं उरत नाही. कैरी कापून तसाच खिशात टाकलात तर सकाळी ठिपके दिसतील.

कडकपणाच्या आकड्यामागं पळू नका. स्विस चाकू रॉकवेल या कडकपणाच्या मापात ५५-५६चा असतो. त्याची धार लवकर जाते, पण चहाच्या कपाच्या बुडाच्या खरबरीत कडेवर घासली की परतही येते. मला हा स्वभाव आवडतो. आणि पातं धारेच्या मागं जाड असेल तर पोलाद कितीही भारी असू दे, सफरचंद कापलं न जाता फुटतं.

कलमाच्या चाकूला बहुधा एकाच बाजूनं धार असते. दुसऱ्या बाजूनं उतार काढून ठेवलात की पाचर वाकडी जायला लागते.

लॉक तपासायला पात्याची पाठ टेबलावर आपटू नका. मूठ धरून पातं वर-खाली, डावी-उजवीकडं हलवा. लॉक निसटलं तरी बोटं वाटेत येणार नाहीत अशी धरा. खडखड आली तर बिजागरीचा स्क्रू पाव फेरा आवळा. जास्त आवळला की पातं उघडतानाच जाम होतं.

बिजागरीत खोबरेल घालू नका. डिसेंबरात ते गोठतं आणि मग मला फोन येतो की चाकू उघडेना. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब बास.

माझी परीक्षा सुतळीची. तिसऱ्या धारेनंतर एकाच बंडलातली सुतळी लाकडावर ठेवून पन्नास काप, मग टोमॅटोच्या सालीवर पातं नुसतं टेकवून ओढायचं. साल धरली तर अजून पन्नास. घसरलं की थांबायचं आणि आकडा वहीत लिहायचा. सुतळीचं बंडल मात्र बदलायचं नाही, नाहीतर चाकूंऐवजी सुतळ्यांचीच तुलना होते.